मनोऱ्याची खूण

रविवार, १४ मार्च १९९९. तंजावूर.

यंत्र आले. वजन चार सेल धरून दोनशे बहात्तर ग्रॅम. खोक्यावर दोनशे सत्तर छापले आहे. कोपऱ्यावरच्या सोनाराच्या काट्यावर दोनदा तोलून पाहिले, दोन्ही वेळा बहात्तरच.

हरिताने सिंगापूरहून ओळखीच्या एका बाईंच्या हाती पाठवले. मुलीकडे मी मागितले नव्हते. तिच्या आईने फोनवर काही सांगितले असेल म्हणावे, तर आईला या वस्तूचे नावदेखील ठाऊक नाही. यंत्र मुठीएवढे आहे. आकाशातल्या उपग्रहांशी संधान बांधून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते आकड्यांत सांगते. एखादी जागा त्यात साठवून ठेवली, की तिथे परत जाण्याची दिशा आणि अंतर दाखवते. इंग्रजीत जीपीएस म्हणतात.

नवे काम हाती घेतले की वही घालायची ही माझी रीत. मोटारी आणि पंपांच्या तारा गुंडाळायचे काम मी एकतीस वर्षे केले, शाळा नववीपर्यंत, पुढचे सगळे स्वतः शिकलो. देवनागरीही चाळिसाव्या वर्षी स्वतःच शिकलो, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या शास्त्र्यांकडून पाटी आणून. आमच्या लोकांत घरी मराठी बोलतात आणि लिहायची वेळ आली की तमिळ लिहितात. त्यामुळे ही वही कपाटात उघडी पडली तरी भीती नाही. घरात दुसऱ्या कुणास वाचता येत नाही. मनातले सरळ लिहिता येते.

तर सरळ लिहितो. होडी जाण्याची वेळ आली आहे.

चौदा फुटांची, प्लायवूडची, एका शिडाची होडी. वर्कशॉपच्या मागे दोन वर्षे खपून मी बांधली. मागे सुकाणूला लाकडी दांडा आहे, तो हातात धरून वळवायची. ती असते मनोऱ्याला, इथून दोन बस बदलून अडीच तासांवर. आमच्या सरफोजी राजांनी समुद्राकाठी उभारलेला आठ मजली मनोरा, त्याच्याखाली कोळ्यांच्या वल्ल्यांच्या, म्हणजे मासेमारीच्या नावांच्या, रांगेत. मुनियांडी नावाचा कोळी तिच्यावर लक्ष ठेवतो.

चौदा फेब्रुवारीला सकाळी समुद्रावर धुके उतरले आणि मी चार तास उशिरा, भलत्याच गावी किनाऱ्याला लागलो. माझी बायको कामाक्षी त्या दिवशी हौसेने मनोरा पाहायला आली होती. चार तास उन्हात उभी. तिने एक शब्द काढला नाही. बोलला तिचा थोरला भाऊ. बाळकृष्णराव. सरकारी पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेला, पदवीवाला इंजिनियर. त्याच्या ओळखीचा कुणी नवे हॉटेल बांधतो आहे, त्याला बागेत ठेवायला होडी हवी. आत माती भरून फुलझाडे लावणार.

"सेतू, होडी चांगलीच आहे," तो म्हणाला. "फक्त पाण्यात घालू नकोस."

मी म्हणालो, यंत्र लावून नुसत्या यंत्रावर परत मनोऱ्याला येऊन दाखवतो. जमले नाही तर होडी बागेत. तारीख ठरली एक मे.

आणखी एक, जे कुणास सांगितले नाही. त्या दिवशी वारा पडला म्हणून उशीर झाला असे मी सांगितले. खोटे. वारा होता. मीच हरवलो होतो. धुक्यात बसून दोनदा कामाक्षीला हाका मारल्या, जसे काही ती शेजारच्या खोलीत आहे.

मंगळवार, १६ मार्च

सकाळी कापी देताना कामाक्षीने विचारले, "काय वो, धुक्यात माणूस हाक मारला तर किती लांब ऐकू येते?"

मी म्हणालो, धुक्यात आवाज दबतो, दिशाही कळत नाही.

"मग मारणाऱ्याने मारावी का मारू नये?"

मी म्हणालो, मारून उपयोग नाही. ती म्हणाली, उपयोगाचे विचारले नाही. आणि आत गेली. बायकांच्या डोक्यात कुठून काय येईल सांगवत नाही.

रविवार, २१ मार्च. मनोरा.

यंत्र बसवायची पहिली बैठक डोलकाठीवर. पितळी पट्टी, दोन स्क्रू. काम नीट झाले आणि निकाल वाईट. मी मागे दांड्याशी बसतो, तिथून डोलकाठी साडेसहा फूट. आकडे म्हणजे मुंग्यांची रांग. मुनियांडीला पुढे बसवून वाचायला सांगितले, तर तो म्हणतो, "अय्या, मला आकडा वाचता आला असता तर मी मासे का धरले असते?"

खरे लिहायचे तर साडेसहा फुटांवरूनच नाही, दोन फुटांवरूनही नीट दिसत नाही. गेल्या वर्षापासून बारीक तारेचे काम मी बोटांनी चाचपून करतो. चष्म्याच्या डॉक्टरकडे जायचे नाही. वर्कशॉपात चष्मा लावून बसलो तर गिऱ्हाईक म्हणेल सेतुराम संपला.

मंगळवार, २३ मार्च

योगायोग. कामाक्षीचे डोके दुखू लागले, डोळे तपासायचे म्हणून मला बरोबर घेऊन गेली. तिथे म्हणाली, आलोच आहोत तर तुमचेही बघू दे. तिचे डोळे उत्तम निघाले. मला वर-खाली दोन काचांचा चष्मा. तिची डोकेदुखी तिथेच थांबली.

रविवार, २८ मार्च. मनोरा.

आज होडीत एकटाच, मुनियांडी काठावर. दुसरी बैठक होडीच्या उजव्या काठावर. दिसायला चोख दिसते, नव्या चष्म्याने तर अगदी. पण वाऱ्याच्या दिशेला चढत जाताना होडी एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने न्यावी लागते, आणि दर वेळी मला उठून पलीकडच्या काठावर बसावे लागते. पलीकडे बसलो की यंत्राची पाठ माझ्याकडे. शिवाय शिडाचा दोर येऊन त्यात अडकला आणि यंत्र पाण्यात जाता जाता राहिले. गळ्यात दोरी बांधून ठेवली होती म्हणून वाचले. यंत्राच्या गळ्यात, माझ्या नव्हे.

आज खूण मात्र साठवली. यंत्रात नावाला सहाच अक्षरे मावतात आणि मनोरा हा शब्द इंग्रजीत बरोबर सहा अक्षरांचा. हे मला शुभ वाटले. एक नोंद राहून जाऊ नये: खूण घेतली तेव्हा होडी मुनियांडीच्या खुंटाला बांधलेली होती. घ्यायची होती पांढऱ्या दगडाजवळ, मनोऱ्याच्या बरोबर समोर, पण ओहोटी होती, मध्ये गुडघाभर चिखल, आणि मी नवी चप्पल घातली होती. खुंट दगडापासून शेजारच्या मल्लिपट्टिनम गावाच्या अंगाला आहे. पुढच्या वेळी दगडाजवळ उभे राहून पुन्हा घ्यायची. ही आळशीपणाची गोष्ट कुणास बोललो नाही, बोलणारही नाही. बाळकृष्णरावाला कळले तर वर्षभर चप्पल पुरेल त्याला.

रविवार, ४ एप्रिल. मनोरा.

तिसरी बैठक खुद्द सुकाणूच्या दांड्यावर. पंपाच्या पाइपाला आवळतात ती पट्टी, दोन नग. दांडा कायम माझ्या हाताशी, मी या काठावर बसो की त्या, यंत्र समोर.

मुनियांडी बघून म्हणाला, "आता सुकाणूला डोळा फुटला. उद्या तोंड फुटेल, मग तुमचे काय काम?"

वर्कशॉपातले काळे रबर खाली घातले होते, ते तेलकट, यंत्र सरकत राहिले. ही किरकोळ गोष्ट. मोठी गोष्ट अशी की वारा भरला की होडी एका अंगावर कलते आणि यंत्र तिच्याबरोबर कलते. पडद्यावर ऊन पडून सगळे पांढरे. यंत्राला तर आकाश सरळ दिसावे लागते, कलले की उपग्रह हरवतात. होडी कलणारच, नाही कलली तर ती होडी नव्हे, ओसरी. म्हणजे होडी कलावी आणि यंत्र कलू नये. हे कसे करावे मला समजत नाही. तीन बैठकी वाया गेल्या. उरले चार आठवडे. बसमध्ये येताना मनात आले की फुलझाडांना निदान पाणी तरी मीच घालीन.

मंगळवार, ६ एप्रिल

कामाक्षीने अवेळीच बोम्मै कोलूची, म्हणजे नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांची, पेटी उघडली. नवरात्र ऑक्टोबरात, आज एप्रिल. बाहुल्यांना वाळवी लागली का बघते म्हणाली. बघून झाल्यावर सगळ्या पेटीत गेल्या, एक तेवढी माझ्या टेबलावर राहिली. आपली नेहमीची तंजावूर बाहुली, गोल बुडाची, खाली जड मातीचा गोळा. मी हिशेब मांडत होतो, कोपर लागून ती आडवी झाली आणि उठून उभी राहिली. पुन्हा पाडली. पुन्हा उठली. तीनचारदा पाडली असेन.

मग हातातला कागद उलटा करून चित्र काढायला बसलो.

कामाक्षी दारात येऊन म्हणाली, "ती बाहुली इथे राहिली वाटते. नेऊ?"

"राहू दे," मी म्हणालो. "मला एक सुचते आहे."

"तुम्हास सुचायचेच," ती म्हणाली.

हे सुचणे म्हणजे काय असते हे पदवीवाल्यांना कळायचे नाही. ते पुस्तकात शोधतात. मला टेबलावर सापडते.

शनिवार, १० एप्रिल

चौथी बैठक. होडीच्या मध्यावर एक पेटी असते, तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे होडी वाऱ्याने आडवी घसरत नाही. त्या पेटीच्या माथ्यावर बसवायची. तिथून माझे डोळे पावणेतीन फूट, दोन्ही काठांवरून सारखे. एकात एक दोन कडी, आतले एका आसावर डुलते, बाहेरचे दुसऱ्या. आतल्या कड्यात यंत्र, त्याच्या खाली चारशे ग्रॅम शिसे. कडी जुन्या पंपाच्या ब्राँझच्या बुशातून, म्हणजे जाड नळीतून, कातली. लोखंड कुठेही नाही, शेजारी होकायंत्र आहे. आसाला फट दोन दशांश मिलिमीटर. कातताना आधी तीन दशांश झाली होती. ते कडे टाकून दुसरे केले.

यंत्राखाली घालायला कामाक्षीने कुकरची रबरी कडी दिली. जुनी झाली म्हणाली. पाहिली तर कोरी, वासही नव्याचा. तिलाही कधीकधी नवे-जुने कळत नाही.

उन्हाला आडोसा म्हणून यंत्रावर लाकडी टोपण हवे होते, पातळ आणि टणक लाकडाचे. आतल्या खोलीत कामाक्षीच्या माहेरच्या वेळची एक चौकट आहे, शिसवी, सव्वा इंच रुंद पट्टी, सांधे पंचेचाळीस अंशांत अचूक कापलेले. आत कसलासा कागद आहे, हिंदी प्रचार सभेची परीक्षा, १९६७, प्रथम श्रेणी, खाली सही. लग्नाआधी मुली वेळ घालवायला असले काही करीत. माझ्या कामाला पट्टी पुरेशी.

मी विचारले, चौकट घेऊ का.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चौकट घ्या. कागद मला द्या."

"कागद ठेवून काय करणार?"

"तुम्ही वही ठेवून काय करता?"

बरोबर आहे. प्रत्येकाला आपला कागद प्रिय.

बुधवार, १४ एप्रिल. तमिळ वर्षारंभ.

बाळकृष्णराव जेवायला. आंबा-गूळ-कडुलिंबाची पच्चडी त्याने दोनदा घेतली आणि बैठक बघायला मागितली. मी टेबल तिरपे केले, यंत्र सरळ राहिले. तो वाकून बघत राहिला.

"हे कुणी काढून दिले?"

"कुणी म्हणजे? मी."

"अटी नीट ठरवू," तो म्हणाला. "समोर मनोरा दिसत असताना मनोऱ्याला येणे यात काय? माझे जुने नेसायचे वेष्टी डोलकाठीला आडवे बांधायचे. तुला पुढचे काही दिसता कामा नये. पुढे मुनियांडी बसेल, धोका असला तर थांबा म्हणेल, दुसरा शब्द नाही. मी पांढऱ्या दगडाजवळ उभा. दगडापासून किती पावलांवर चालेल?"

यंत्राच्या पुस्तिकेत लिहिले आहे की ते शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकते. ते मी प्रामाणिकपणे सांगितले.

"मग शंभर पावले."

पाऊल म्हणजे मीटर नव्हे, पाऊण मीटर. पण त्याच्यापुढे घासाघीस करायची नाही म्हणून हो म्हणालो. नंतर पस्तावलो.

कामाक्षी ताक वाढता वाढता भावाला म्हणाली, "अण्णा, वेष्टी धुऊन आण."

रविवार, १८ एप्रिल. मनोरा.

बैठक चालते. होडी इतकी कलली की काठावरून पाणी आत आले, मी भिजलो, यंत्र बाहुलीसारखे आपले सरळ. आडोशात आकडे ठळक. दोन्ही काठांवरून वाचले. मुनियांडीने हात जोडले, चेष्टेने की खरोखर, कळले नाही.

तीन वेळा बाहेर जाऊन खुणेकडे परत आलो. आकडे मध्येच उड्या मारतात, बसल्या जागी होडी पन्नास हात सरकल्यासारखे दाखवतात. माझ्या बैठकीचा दोष नाही, तपासले.

एक गोष्ट लिहून ठेवतो. होडीच्या पुढच्या भागात, डोलकाठीजवळ एक बसायची फळी आहे. नकाशात ती नव्हती. मी घातली. रुंदी चौदा इंच. घरातल्या झोपाळ्यावर कामाक्षी बसते तो भाग मोजून घेतला होता, ती देवळात गेली असताना. तीन वर्षांत ती त्या फळीवर बसलेली नाही. फेब्रुवारीत त्या दिवशी ती मनोरा पाहायला आली, तेव्हा परत आल्यावर तिला विचारायचे असे ठरवून मी पाण्यात गेलो होतो. मग हरवून आलो. आता कोणत्या तोंडाने विचारू? होडी बागेत गेली तर त्या फळीवर कुंडी ठेवतील.

शुक्रवार, ३० एप्रिल

सगळे तयार. सेल नवे, चार जादा. कामाक्षी दुपारभर शिवत होती, कसली तरी उशी. सेतुराम हरला तर काय होईल याचा विचार करीत मी चहा विसरलो. झोप लागेलसे वाटत नाही.

शनिवार, १ मे. रात्रीचे जेवण झाल्यावर.

सविस्तर लिहितो.

सातला मनोऱ्याला पोहोचलो. कामाक्षी, मी, बाळकृष्णराव. त्याचे वेष्टी धुतलेले होते. मुनियांडी पुढे चढू लागला तशी कामाक्षी त्याला म्हणाली, "तू तुझ्या वल्ल्यातून मागे ये. यात मी बसते."

"तुला पोहता येते का?" बाळकृष्णराव म्हणाला.

"यांना तरी कुठे येते?"

हे खरे आहे. आजवर कुणास माहीत नव्हते.

"तू पुढे बसलीस तर त्याला खुणा करशील."

"अण्णा, तुझेच वेष्टी आहे ना मध्ये? की त्यालाही भोके आहेत?"

मुनियांडी हसला आणि बाजूला झाला. कामाक्षीने साडी खोचली, चिखलातून चालत आली, पुढच्या फळीवर उशी ठेवली आणि बसली. उशी फळीवर अशी बसली की दोन्हीकडे बोटभरसुद्धा फरक नाही. चौदा इंच. तिने फळी कधी मोजली नव्हती. बायकांची नजर तयार असते.

सकाळच्या जमिनीवरच्या वाऱ्यावर बाहेर गेलो. साडेतीन मैल. मागून मुनियांडीच्या इंजिनाची फटफट. मग वारा फिरेपर्यंत थांबलो, डबा खाल्ला, दहीभात आणि वडू मांगा, बारक्या कैऱ्यांचे लोणचे. तिने विचारले, "त्या दिवशी इथेच होतात का?"

"कुठल्या दिवशी?"

"धुके होते त्या."

मी म्हणालो, बहुधा इथेच. तिने चारही बाजूंना पाहिले आणि म्हणाली, "मोठे आहे."

साडेअकराला समुद्रावरचा वारा सुरू झाला. वेष्टी बांधले. आता माझ्यापुढे नुसते पांढरे कापड, धुक्यासारखेच, आणि पेटीवर यंत्र. दिशा तीनशे वीस, अंतर तीन पूर्णांक चार. मी होडी वळवली.

सुमारे तासभर लागला. पहिला अर्धा तास मी मजेत होतो. मग आकड्यांनी उडी मारली. तीनशे वीसचे तीनशे सव्वीस, पुन्हा अठरा. मी कशावर विश्वास ठेवावा? कापड जरा उचलले तर कुणास कळणार होते? हात गेलाही होता. तेवढ्यात पलीकडून तिच्या बांगड्या वाजल्या. ती नुसती हात बदलून बसली असेल. पण ती तिथे आहे, शेजारच्या खोलीत असावी तशी, हे मला कळले आणि मी हात खाली घेतला. उड्यांची सरासरी धरली आणि त्या आकड्यावर दांडा बांधल्यासारखा धरून ठेवला.

वाळू लागली. वेष्टी सोडले. मनोरा समोर, पण जरा उजवीकडे. बाळकृष्णराव दगडापासून पावले मोजत येत होता. एकशे एकतीस.

मी विश्वास ठेवला नाही. स्वतः मोजली. एकशे एकतीस.

"हरलो," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार. आकडा तो आकडा.

बाळकृष्णराव वाईट माणूस नाही. तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बैठक उत्तम आहे सेतू, खरेच. होडीबरोबर तीही ठेवू बागेत."

कामाक्षी पदर पिळत आली. "कुठून मोजले?"

"दगडापासून," भाऊ म्हणाला.

"यंत्राला दगड कुठे माहीत आहे?"

"म्हणजे?"

"यांनी खूण घेतली तेव्हा होडी मुनियांडीच्या खुंटाला होती. यंत्र खुंटाकडे येणार. दगडाकडे कशाला येईल? खुंटापासून मोज."

बाळकृष्णराव माझ्याकडे बघू लागला. मला काही आठवेना. खूण घेतली एवढे पक्के, पुढे इतक्या भानगडी झाल्या की पुन्हा घ्यायची राहूनच गेली. मी म्हणालो, नोंदीत बघावे लागेल, आत्ता शपथेवर सांगत नाही.

"मुनियांडी," कामाक्षीने हाक मारली, "हे होडीत एकटेच होते तो रविवार. ओहोटी होती. होडी कुठे होती?"

"खुंटालाच अम्मा. अय्या चिखलात उतरतच नव्हते. नवी चप्पल होती."

"खुंट हलवलास का त्यानंतर?"

"सहा वर्षे तिथेच आहे. हलला तर माझी बायको हलवेल, मी नाही."

दगडापासून खुंट चव्वेचाळीस पावले, त्याच अंगाला. एकशे एकतीसमधून चव्वेचाळीस गेले, सत्त्याऐंशी.

मग बाळकृष्णराव आपले वेष्टी घडी घालू लागला. चार घड्या झाल्यावर म्हणाला, "वजाबाकीला पदवी लागत नाही हे खरे." आणि जरा थांबून, "हॉटेलवाल्याला सांगतो, बैलगाडी बघ म्हणून. पुढच्या खेपेला मला बसवशील का?"

"पुढची जागा माझी आहे," कामाक्षी म्हणाली. "तू मुनियांडीच्या वल्ल्यात."

रविवार, २ मे

सकाळी वही उघडून अठ्ठावीस मार्चची नोंद पाहिली. खुंट, ओहोटी, चिखल, चप्पल, सगळे आहे. कामाक्षीचे अक्षरन् अक्षर बरोबर होते. निकाल न्यायाने लागला, मनावरचे ओझे उतरले.

एक कोडे राहिले. त्याच नोंदीत पुढे लिहिले आहे की ही गोष्ट कुणास बोललो नाही, बोलणारही नाही. मग तिला कशी कळली? विचार केला. उघड आहे, नोंद लिहिल्यानंतर कधीतरी मीच बोलण्याच्या भरात सांगितले असणार आणि सांगितले हे लिहायचे राहिले. म्हणजे माझ्या वहीत एक गाळलेली नोंद आहे. इथून पुढे दक्षता.

त्या पानात मोगऱ्याची एक वाळकी पाकळीही मिळाली. वही खिडकीजवळच्या कपाटात असते, वाऱ्याने येते. कपाटाचे दार घट्ट करायला हवे.

घरात आनंद आहे. कामाक्षीने सकाळी पुरणपोळी केली, सण नसताना. चौकटीतून निघालेला तिचा कागद तिने आज खळ लावून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, नेमका माझ्या वहीच्या वर. म्हणाली, तिथे सुरक्षित राहील. राहू दे. शिसवीची नवी चौकट मी तिला करून देणार आहे, सांधे पंचेचाळीस अंशांत.

आता मला एकच वाटते. ती पुढे बसली ते ठीक, पण पुढे बसणारा नुसता पाहुणा. एकदा तिने मागे बसून सुकाणूचा दांडा हातात घ्यावा. मी पुढच्या फळीवर बसेन. पण हे तिला कसे विचारावे? छप्पन्न सालच्या मोटारीपासून आजच्या यंत्रापर्यंत सगळे मला समजावता येते, हे विचारता येत नाही. नाही म्हणाली तर मला वाईट वाटेल, आणि हो म्हणाली तर काय वाटेल ते माहीत नाही. तूर्त विषय काढायचा नाही.

सोमवार, ३ मे

कापी देताना कामाक्षी माझ्यासमोर बसली. एरवी देऊन आत जाते.

"काय वो," ती म्हणाली, "दांडा डावीकडे ढकलला तर होडी उजवीकडे का जाते?"

मी काही बोललोच नव्हतो. कापी बाजूला ठेवली, टेबलावर ताट ठेवले, ते होडी, चमचा झाला दांडा, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वर्कशॉप अकराला उघडले.